गोठ्यातलं बोलणं

शेण घट्ट यायला लागलं की समजायचं, पावसाळा गेला. कॅलेंडर बघायची गरज नाही. पावसाळाभर कोवळं गवत खाऊन जनावरं पातळ शेण टाकतात. ते पाटीत भरता येत नाही, खराट्यानं लोटावं लागतं, आणि तरी पायाला लागतंच. दसरा झाला, बांधावरचं गवत पिवळं पडलं, गव्हाणीत कडबा पडायला लागला की शेण बांधून येतं. दोन्ही हात घातले की सगळं एकदम उचललं जातं. पहाटेच्या गार हवेत ते हाताला कोमट लागतं. लोकांना चांदणं आवडतं, फुलं आवडतात. मला हे आवडायचं.

आज पहाटे पत्र्यावरून दहिवर ठिबकलं. थेंब खाली उलट्या ठेवलेल्या घमेल्यावर पडत होते. गुडघे गेल्यापासून माझी बाज ओसरीत असते, गोठ्याच्या कुडाला लागून. कूड म्हणजे तुराट्यांचा, शेणानं सारवलेला. त्यातून वास येतो आणि आवाजही. जनावर उठताना आधी मागचे पाय उचलतं, मग नाकातून फुर्र करतं, मग मुततं. तो आवाज ऐकला की माझे हात अजून पाटी शोधतात. पण आता ते काम माझं नाही.

दसरा ते दिवाळी, एवढेच ते दिवस. पहाटे गोधडी ओढावीशी वाटते आणि दुपारी छपराखालून बाहेर पडवत नाही. चिलटं कमी होतात. बैलांच्या अंगावर तकाकी येते. तुरीला पिवळी फुलं लागतात, आभाळात पांढरे ढग नुसते फिरत असतात, कामाचे नसतात. सोयाबीनच्या खळ्यावरची धूळ नाकात जाऊन शिंका येतात. या दिवसांत म्हैस वर्षातलं सगळ्यात जास्त दूध देते. चारा असतो, चिखल नसतो, तिला रागवायला काही कारण नसतं. भुरीला मात्र कारण लागत नव्हतं.

भुरी आमची म्हैस. अंगानं काळी नव्हती, मातकट होती, म्हणून भुरी. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, हिंगोलीचा जिल्हा नंतर झाला. सोयाबीन नुकतंच आलं होतं आणि लोक एकमेकांना विचारत होते की हे खायचं कसं. गोठ्यात दोन बैल, भुरी, तिचं पारडू, दोन शेळ्या आणि डालग्याखाली कोंबड्या. फार नाही. पण जनावर एक असो की दहा, सकाळी उठावं लागतंच.

माझं काम तोंडानं सुरू व्हायचं. कंदील खुंटीला अडकवला की मी बोलायला लागायची ती धार संपेपर्यंत. थोरल्या बैलाला म्हणायची, "सरक की रे, सरपंच झाला का तू?" धाकटा बैल कडबा पायाखाली तुडवायचा. त्याला म्हणायची, "तुडव, तुडव. तुझ्या सासऱ्यानं पाठवलाय." शेळ्यांना चोट्टी याशिवाय दुसरं नावच नव्हतं. आधी बैलांना वैरण, कारण त्यांना ज्वारीच्या पेरणीला जायचं असायचं. मग शेण, मग झाडलोट, मग कोंबड्या सोडायच्या आणि शेवटी भुरी.

भुरीसाठी माझा शिव्यांचा वेगळा साठा होता. "थांब गं भवाने, बाजार भरलाय का तुझा? पाय नीट ठेव. शेपूट आवर काळतोंडे, मी काय देव हाय का चवरी ढाळायला?" असं चालू ठेवायचं, पारडू सोडायचं, त्यानं दोन ढुशा दिल्या की पान्हा यायचा, मग पारडू ओढून बांधायचं आणि बसायचं. शिव्या संपल्या की मी घरातलं काढायची. मालक काल काय बोलले, पोरानं काय केलं, भाकरी कुणी करपवली. चरवीत धारेचा आवाज आधी टणटण येतो, मग दूध चढलं की घुमतो. तोवर माझं सगळं बोलून झालेलं असायचं. बाहेर यायची ती रिकामी होऊन. दिवसभर मग फार बोलायची गरज पडत नसे.

भुरी माझ्याशिवाय कुणाला धार देत नव्हती. मालकांनी हात लावला की दूध वर चढवायची. पोरगा दत्ता, त्याला तर तिनं एकदा गव्हाणीत बसवला. त्यामुळं झालं असं की पुसेगावला माझं माहेर, एस.टी.नं जायला किती वेळ लागतो, पण मी तिथं रात्र काढली नव्हती. भाऊबीजेला सकाळची धार काढून निघायची, भावाला ओवाळायची, दोन घास खाऊन सांजच्या धारेला परत. भावजय दर साली म्हणायची, "बाई, तुमाला म्हशीसंगं लावून दिलं व्हतं का आमच्या सासऱ्यानं?" गावात पाण्यावर बायका हसायच्या. मला राग यायचा. आणि माझ्यावाचून म्हशीचं अडतं याचं बरंही वाटायचं. दोन्ही खरं होतं.

दत्ताचं लग्न झालं त्या वर्षी कोजागिरी झाली आणि हट्ट्याहून निरोप आला. हट्ट्याला माझी पोरगी मंगल दिलेली. पहिलं बाळंतपण माझ्याकडं झालं होतं, दुसरं सासरीच होणार होतं. पण तिची सासू आडावर घसरली आणि पाय मुरगळून बसली. किराणा दुकानात फोन होता, त्यावर जावयानं सांगितलं की घरात बाई माणूस कुणी नाही, दिवस भरलेत, मामींना पाठवा.

भुरी विऊन फार दिवस झाले नव्हते. कास भरून यायची. धार काढली नाही तर कास दगडासारखी होते, ताप येतो, सड कायमचा जातो. सगळं पारडाला पाजावं तर ते हगवणीनं मरतं. मी ओसरीत बसून राहिले. मंगलकडं गेलं नाही तर पोरगी एकटी. गेलं तर इकडं भुरी जाते.

मालक म्हणाले, "तू जाय. म्हशीचं मी बघतो."

"तुमी बघसाल आन् ती तुमाला बघंल."

"तुझं लुगडं नेसतो ना मग. तिला काय कळते?"

ही आमच्याकडची जुनी रीत. धारेची बाई गावाला गेली की दुसऱ्यानं तिचं लुगडं नेसून बसायचं. वासावर म्हैस फसते. मी माझं गोठ्यातलं हिरवं लुगडं खुंटीला टांगलं. शेणाचे, दुधाचे, घामाचे डाग होते त्याला. उन्हाळ्यापासून धुतलेलं नव्हतं, मुद्दामच. मालकांना बजावलं, फेटा काढा आणि बिडी पिऊन बसू नका.

दत्ता म्हणाला, "बा, नाकात नथ बी घाल."

"तू गप. आधी गव्हाणीतून उठ," मालक म्हणाले.

घरात नवी सून होती, वनिता. उन्हाळ्यात लग्न झालेलं. दहावी पास, रंगानं निमगोरी, आणि बोलायची इतकं हळू की मला वाटायचं हिला भाकर मागायची तरी कशी कळते. सासरी आल्यापासून व्हय आणि न्हाई याशिवाय तिसरा शब्द मी ऐकला नव्हता. ती दारात येऊन म्हणाली, "आत्याबाई, तुमी जावा. आमी करू बराबर." एवढं लांब वाक्य तिचं पहिलंच.

हट्ट्याला गेले. तिकडं सगळी हळद. हिरवी पानं माणसाच्या कमरेला लागतात. मंगल बाळंत झाली, पोरगी झाली, दोघी नीट होत्या. मी लेकराला न्हाऊ घालायची, शेक द्यायची, मंगलच्या सासूचं अंथरूण करायची. काम भरपूर होतं. पण पहाटे जाग यायची तीच वेळ, आणि हातांना काही नसायचं. जावयाकडं जनावरं नव्हती. अंधारात बसून मी कान देत बसायची. काहीच फुरफुरत नव्हतं.

मंगल म्हणाली, "आई, म्हशीसाठी झुरून राहिली का तू?"

"झुरतंय कोण? कास सुजली असंल तिची."

"माझं पोट रिकामं झालं ते दिसंना, म्हशीची कास दिसते."

घरून निरोप आला, सगळं बराबर आहे. आमच्या घरात सगळं बराबर आहे असं कुणी कधी सांगत नाही. कुणी सांगितलं म्हणजे काहीतरी झालेलं असतं. मी मनात धरून ठेवलं की भुरी गेली, किंवा पारडू गेलं, आणि कामाला लागले. दुसरं काय करणार? मंगलची सासू काठीवर उभी राहायला लागली आणि तिची बहीण मदतीला आली, तेव्हा निघाले.

घरी पोचले तेव्हा दिवस बुडाला होता. आधी गोठ्यात गेले, चपला न काढता. भुरी बसून रवंथ करत होती. कास मऊ. पारडू धड, कातडी चकचकीत. चुलीवर दुधाचं पातेलं, साय धरलेली. मी मालकांना विचारलं, "धार कोण काढते?"

ते भिंतीला टेकून हसत बसले. मग सांगितलं. वनिता आत भाकरी थापत होती, तिला ऐकू जात होतं, पण तिनं मान वर केली नाही.

मी गेले त्या दुपारीच वनितानं खुंटीवरचं लुगडं बघितलं. तिला वाटलं, सासऱ्याला नेसायचंय, आणि केवढं हे घाण. साबणाची पावडर टाकून, दगडावर आपटून, उन्हात घालून घडी करून ठेवलं. चांगल्या घरची पोर, चांगलंच केलं. संध्याकाळी मालक ते नेसून गोठ्यात गेले. भुरीनं एकदा हुंगलं. बाजारातल्या साबणाचा वास आणि त्यात बिडीचा. चरवी गेली उकिरड्यावर, मालक गेले मुताच्या खड्ड्यात. शेजारची माणसं कुडाला भोकं पाडून बघत होती म्हणे.

"मग काय केलं?"

"गूळ दिला. पेंड दिली. हिनं पाठीवरून हात फिरवला, माय माय म्हनून. बाई, काय गोड बोलली ही पोरगी! पण म्हैस काही दूध सोडंना. पारडाला हगवण लागली. दत्ता म्हने, आईला बलवा. मी म्हनलं, खबरदार."

मग एका सकाळी भुरीनं लाथ झाडली ती वनिताच्या गुडघ्यावर. पोरीच्या अंगावरची आहेरातली साडी शेणामुतानं भरली. ती जमिनीवर बसली, रडली, आणि मग तिच्या तोंडून बाहेर पडलं, "थांब गं भवाने! बाजार भरलाय का तुझा? काळतोंडे, पाय ठेव नीट!"

भुरीनं कान वळवला. पाय रोवला. पान्हा सोडला.

"मी वसरीत व्हतो," मालक म्हणाले. "मला वाटलं तूच आली. बिडी फेकून दिली मी."

मी हसले नाही. थकवा होता, आणि बाळंतिणीच्या घरची जागरणं अंगात होती. मला वाटलं, मालक वाढवून सांगतात. सकाळी मीच बसेन धारेला, मग कळेल, असं म्हणून झोपले.

आणि पहाटे मला जाग आली नाही. आयुष्यात पहिल्यांदा. जाग आली ती माझ्याच आवाजानं. गोठ्यात मी बोलत होते. "सरक की रे, सरपंच झाला का तू?" मी बाजेवर उठून बसले, अंगाला हात लावून बघितला. शब्द माझे, हेल माझा, शेवटी आवाज वर न्यायची खोड माझी. मी उठून कुडाशी गेले. तुराट्यांच्या फटीतून कंदील दिसला आणि हिरवं लुगडं दिसलं. पुन्हा शेणानं भरलेलं. वनिता भुरीच्या कुशीला कपाळ टेकून बसली होती. चरवी टणटण वाजत होती.

शिव्या संपल्या. मी आत जाणार होते. तेवढ्यात तिनं घरातलं काढलं.

"आली ना तुझी मालकीन. काल आल्याबरूबर आधी तुझी कास बघितली. मला इचारलं न्हाई, पोरी, कशी हायस. चहात साखर टाकाया लागलं की डब्याकडं बघत बसते, जशी मी पोतं उलटं करून राहिले. लुगडं धुतलं तर गावभर झालं. घान ठेवायचं व्हतं तर सांगायचं ना! मला सपनं पडतात काय?"

मी तिथंच उभी राहिले. भुरी मजेत होती.

"आता काय, उद्यापासून तुला तिचाच हात. तुझं बरं हाय, तुला दोघी. मला ह्या घरात तुझ्याबिगर कोन हाय बोलाया? दत्ता दिवसभर शेतात, रातच्याला बोलावं तर घोरतो. मामाजीसमोर बोलता येत न्हाई. आत्याबाईसमोर तोंड उघडत न्हाई माझं. आता तू बी जा. जा भवाने."

चरवीतला आवाज घुमायला लागला होता, म्हणजे दूध चढलं होतं. मी आवाज न करता मागं झाले.

मी या घरात आले तेव्हा मलाही कुणी बोलायला नव्हतं. सासूसमोर बोलायची पद्धत नव्हती, नवऱ्याशी दिवसा बोलायची पद्धत नव्हती. माझी सासू वाईट होती अशातला भाग नाही, ती फक्त तिथं होती, सगळीकडं. गोठा तेवढा तिला चालत नव्हता, दम्यामुळं. म्हणून तो मला मिळाला. म्हशीला सांगितलेलं म्हैस कुणाला सांगत नाही, समजून घेतल्यासारखं करत नाही, रडू नको म्हणत नाही. चारा खाते आणि ऐकते. मला एवढं पुरलं. एवढी वर्षं मी समजत होते की भुरीला मी लागते. तिला फक्त तो आवाज लागत होता, शिव्यांचा. कुणाच्या तोंडून येतो याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. आणि मला वनिताचं बोलणं लागलं का? लागलं. साखरेचं जास्त लागलं, कारण ते खरं होतं. पण तिनं ते म्हशीला सांगितलं होतं, मला नाही. त्यात मी पडायचं कारण नव्हतं.

मी अंगणात जाऊन चपला जोरात वाजवल्या, खोकले, बादली आपटली. आतला आवाज बंद झाला. वनिता चरवी घेऊन बाहेर आली आणि मला बघून तिनं पदर सारखा केला.

"आत्याबाई, धार काढली मी आज. तुमाला झोप लागली व्हती. उद्यापासून तुमी..."

"औंदा भाऊबीजेला मी पुसेगावला मुक्कामाला जानार हाय," मी म्हटलं.

"आन् भुरी?"

"मला काय इचारते? धार तुझी, तुझं तू बघ. मी बैलाचं आन् शेनाचं करते, तू आत बस. आन् ते लुगडं धू नको."

ती हसली नाही. तिनं चरवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "व्हय." नेहमीसारखं, हळू.

भाऊबीजेला मी पुसेगावला पिशवी घेऊन उतरले. भावजयीनं पिशवीत कपडे बघितले आणि तिचा चेहरा पडला. "काहून हो बाई, म्हैस मेली का तुमची?" मी म्हटलं, जिती आहे, सून आली आहे. रात्री भावाच्या ओसरीत झोपले. पहाटे त्याच वेळेला जाग आली, भावाच्या गोठ्यात त्याचा बैल फुरफुरला, भावजय उठून गेली. मी कूस बदलली आणि दिवस वर येईस्तोवर झोपले. अजून तशी झोप आठवते. त्यानंतर दर साली गेले. चार-चार रात्री राहिले.

मालक गेले त्याला बरीच वर्षं झाली. भुरीही गेली, म्हातारी होऊन, दावणीलाच. आता आहे ती तिच्या वगारीची वगार, म्हणजे नात. तिलाही शिव्या लागतात. दत्ताची पोरं कॉलेजला हिंगोलीला आहेत, त्यांना यातलं काही येत नाही आणि शिकायचंही नाही. वनिताचे केस पांढरे व्हायला लागलेत. गावात ती आता मोठ्यानं बोलते, बचतगटात तर तिच्यापुढं कुणाचं चालत नाही. पण गोठ्यातलं बोलणं तिनं सोडलं नाही.

कुडाच्या अलीकडं माझी बाज, पलीकडं ती. रोज ऐकू येतं. आत्याबाई गोळ्या थुंकून देतात, आत्याबाई पाहुण्यांसमोर काहीही बोलतात, आत्याबाईला पिठलं खारट लागतं आणि दोन वाट्या खातात. सगळं खरं असतं. थोडं वाढवलेलं असतं. मी डोळे मिटून ऐकते, मग धार संपते, मग ती चहा घेऊन येते आणि आम्ही दोघी काही न झाल्यासारखं हवापाण्याचं बोलतो.

आज मात्र दहिवर ठिबकत होतं आणि गोठ्यात काही नव्हतं. बैल नाहीत आता, पण शेळ्यांना तरी ती बोलते. आज तेही नाही. खराटा फिरला, शेण पाटीत पडलं, घट्ट, धपकन. चरवी टणटण वाजली, मग घुमली. माझं नाव निघालं नाही. मी कुडाला कान लावला. काही नाही.

चहा घेऊन आली तेव्हा मी विचारलं, "काय गं, बरं न्हाई का तुला?"

"काहून?"

"काही न्हाई. गपचूप धार काढली आज."

तिनं माझ्याकडं बघितलं. कुडाकडं बघितलं. मग कप माझ्या हातात दिला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "घसा बसलाय, आत्याबाई. उद्याला भरून काढते."

चहात साखर जास्त होती. मी प्याले.